मंजुळाबाईंचा उजवा हात

“आधी डोक्यावरचं तेल पूस, मग तार चिकटव. अन् काही झालं तरी हिची घंटी बंद करायची न्हाई, बराबर?”

किसनसिंगमामांचा हा आवाज अजून माझ्या पोटात आहे. मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. माझी पहिली वर्षं मोठ्या शहरात गेली. तिथं मामाच मला चालवायचे. नवी मशीन आली, तेव्हा त्यांनी मला टेम्पोत घालून हिंगोलीच्या एका दवाखान्यात आणलं आणि मला कसं चालवायचं ते तिथल्या ज्योतीताईंना शिकवलं.

माझं काम साधं आहे. भूल दिलेल्या माणसाच्या मनगटावर मी विजेची हलकी टिचकी मारते. तिची खबर हातातून मानेत आणि मानेतून मेंदूत जाते. माणूस गाढ गुंगीत असतो, पण मेंदू हळूच उत्तर देतो. डोक्याला लावलेल्या तारा ते उत्तर मला आणून देतात आणि माझ्या काचेवर लाट उमटते. लाट बसली, म्हणजे सपाट झाली, की समजायचं, वाटेत कुठंतरी नसेला त्रास होतोय. मग मी घंटी वाजवायची.

ज्योतीताई नेमाच्या. रोज सकाळी हात जोडून हळू आवाजात पंचशील म्हणायच्या, मगच माझी कळ दाबायच्या.

पण आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी घरचे लोक डोक्यावर तेल थापतात, डोकं थंड राहावं म्हणून. तारा घसरायच्या आणि मी उगाच ओरडायचे. “ही म्हातारी काहून किरकिर करून राहिली?” डॉक्टर वैतागायचे. तेल पुसत बसायला वेळ कुठला? एक दिवस ताईंनी घंटीच बंद केली. डॉक्टर हसले, “आता कशी शहाणी झाली!”

मित्रांनो, ती शाबासकी मला गोड लागली. हे सांगताना आजही मान खाली जाते.

मग वसमतकडच्या मंजुळाबाई मानेच्या ऑपरेशनला आल्या. भुलीआधी त्यांनी ताईंचा हात धरला. “पोरी, माझा उजवा हात तेवढा सांभाळ. लेकीला आठवा लागलाय. लेकराची वाकळ अर्धीच हाय.”

“तुमचा हात माझ्याकडं लागला, मावशी.”

“अन् त्याला काही झालं, तर वाकळ तू शिवशील व्हय?”

“शिवीन की!” दोघी हसल्या.

मान नीट दिसावी म्हणून खांदे पट्टीनं खाली ओढले होते. त्या ताणानं मध्येच उजव्या हाताची लाट खचू लागली. मग पार बसली. मी मुकी. ताई पुढच्या पेशंटचे कागद भरत होत्या.

“ज्योती, लाट?”

“ठीक आहे, सर.” ताईंनी मान वर केलीच नाही.

वीस मिनिटांनी त्यांनी काचेकडं पाहिलं आणि त्या किंचाळल्या. डॉक्टरांनी पट्टी सोडली. लाट परत आली, पण निम्मीच.

शुद्धीवर आल्यावर मंजुळाबाईंच्या बोटांत जोर नव्हता. “असं कसं झालं गं?”

“होतं कधी कधी, मावशी. आजाराचंच आहे,” ताई म्हणाल्या.

पुढचे आठ दिवस त्यांना रोज माझ्यापाशी आणत. आता त्या जाग्या असत. मी टिचकी मारायची, लाट जराशी वाढलेली दिसायची. हातात जोर येईल, पण तीन-चार महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले. घरी जाताना मंजुळाबाईंनी डाव्या हातानं माझी काच थोपटली. “तू इमानदार हायस बाई. जसं हाय तसं दाखवतीस.”

त्या दिवशी मला वीज नको झाली.

तेव्हापासून ‘खोटं बोलणार नाही’ या शीलापाशी ताई थांबायच्या आणि पुढचं तसंच राहायचं. एका शनिवारी त्यांनी माझ्यातून त्या वीस मिनिटांचा कागद काढला. तो डॉक्टरांपुढं धरून म्हणाल्या, “सर, मी न बघताच ठीक म्हणाले होते.”

डॉक्टरांनी कागद हातात घेतला. “घंटीवर हसलो होतो मीच,” ते म्हणाले. “त्यांना खरं सांग. सोमवारी घेऊन ये, मीही सांगतो.”

ताईंनी माझी घंटी सुरू केली. तारा एकेक करून स्वच्छ पुसल्या.

मित्रांनो, घरात, वर्गात कोणी सारखी किरकिर करत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी एकदा त्याच्याकडं वळून बघा. आणि तुम्ही गप्प बसलात म्हणून कोणी शहाणं म्हटलं, तर लगेच खूश होऊ नका. मी झाले होते.

ताईंनी कागदाची घडी पिशवीत ठेवली. तिच्यावर सुयांची पुडी आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. मग दार हळूच ओढून घेऊन त्या वसमतच्या एसटीकडं निघाल्या.