शेवटच्या पाळीचं पाणी

“दादा, चार तास दे फक्त. जहागीर मागत नाहीये,” बहीण म्हणाली. कालव्याचं दार फिरवायचा दांडा तिने माझ्या हातासकट धरून ठेवला होता.

एकतीस वर्षं मी या कालव्यावर पाणी सोडतोय. पाणी कमी असलं की टोकाचं शेत आधी, हा आमचा नियम. वरच्यांच्या दारावरून पाणी वाहतच असतं, टोकाच्याला कोण विचारतो? या नियमापायी मी सख्ख्या सासऱ्यांशी वाकडं घेतलंय. बायको म्हणते, हा माणूस घरच्या नळालासुद्धा पाळी लावील.

यंदा पाऊस आठ दिवसांत सगळा कोसळला आणि मग दीड महिना गायब. ऊन तर असं, की रात्री भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. तलावात उरलं होतं एका शेतापुरतं पाणी, आणि ते टोकाच्या मास्तरांचं होतं. त्यांचं भात उशिराचं, लोंबी अजून ताटाच्या पोटातच, बाहेर न पडलेली. बहिणीचं फुलून आठवडा झालेला.

“मास्तरांना पेन्शन आहे,” ती म्हणाली. “आमचे हे अंथरुणाला खिळलेत. त्यांना काय शिजवून घालू, तुझा नियम?”

मी तिचं दार उघडलं.

एक लोंबी दाबून दाणा धरतोय का ते बघावं, एवढं साधं मला सुचू नये? परक्याच्या शेतात शिरलो की माझा हात आधी लोंबीकडे जातो. त्या दिवशी मी नुसता बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिलो, गाढवासारखा.

तीन आठवड्यांनी गेलो तर तिचं पीक ताठ उभं. भरलेली लोंबी वाकते. मी एक चिमटीत चुरडली, नुसतं फोलपट. ऐन फुलोऱ्यातल्या उन्हाने दाणा धरलाच नव्हता. माझं पाणी पोहोचलं तेव्हा तिथे भात नव्हतंच, गवत होतं.

“पाणी कमी पडलं का रे?” बहिणीने विचारलं.

“नाही गं. पाणी पुरेसं होतं.”

तिथून मास्तरांकडे गेलो. जाणं भाग होतं. त्यांच्या शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. लोंबी बाहेरच न पडलेलं भात ते गुरांसाठी कापत होते. गुडघ्यांमुळे दोन मुठी कापायच्या, की थांबायचं.

“मास्तर, तुमचं पाणी मी...”

“कळलं मला. चारी कोरडी बघूनच कळलं.” ते कंबरेवर हात ठेवून सरळ झाले. “राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण बहीण आहे तुझी. तिचं तरी भरलं ना चांगलं?”

मी खाली वाकून त्यांनी कापलेली मूठ उचलली.

“भरलं,” मी म्हणालो.

“मग वाया नाही गेलं,” मास्तर म्हणाले, आणि विळा घेऊन पुन्हा वाकले.