पिंपाला हात लावू नये

सकाळपासून त्याच्या जिवाला चैन नव्हती, आणि चैन नसली की त्याचे हात शिवशिवायचे. बाकी माणूस भला, बिअर करण्यात तर हुशारच. पण दूध तापतंय का हे बघायला दर मिनिटाला झाकण उघडणाऱ्यांपैकी.

सासऱ्यांच्या बेकरीमागच्या खोलीत तो आणि त्याची बायको वर्षभर बिअर करत होते. आज वस्तीच्या मेळ्यात ती बिअर पहिल्यांदाच चारचौघांत यायची होती. खोली सासऱ्यांची, आणि एक टायरवाला त्या खोलीवर डोळा ठेवून बसलेला. सासऱ्यांनी कधी थेंब चाखला नव्हता. ते म्हणाले होते, "जावईबापू, मेळ्यात एक ग्लास पिऊन बघतो. जमली असेल तर खोली तुमची. नाहीतर सोमवारी टायर येतील." म्हणजे सगळा खेळ एका ग्लासावर आला होता.

मागचं पिंप आंबून गेलं ते काही उगाच नाही. बिअर मुरत असताना हा रोज चोरून झाकण उघडायचा आणि वास घ्यायचा. त्यानंतर बायकोने नव्या पिंपावर कागद चिकटवला, 'पिंपाला हात लावू नये'. सासऱ्यांनी विचारलं, हे कोणासाठी? तेव्हा दोघंही एका सुरात म्हणाली, मांजरासाठी. सासरे नुसते "हं" म्हणाले.

मैदानात झाडाखाली बर्फात पिंप रोवून बायको ग्लास आणायला घरी निघाली. "आता हे हलता कामा नये," तिने बजावलं. "हललं किंवा तापलं, की नळातून नुसता फेस येईल."

"मला शिकवतेस?" तो म्हणाला. त्याला खरंच सगळं माहीत होतं. हेच तर दुखणं होतं.

ती गेली आणि झाडाची सावली सरकली. पिंपाच्या एका बाजूला ऊन लागलं. याचा जीव वरखाली होऊ लागला. त्याने पिंप बर्फातून उपटलं आणि भिंतीलगत नेलं. तिथे बँडवाले येऊन बसले. ढोलाच्या दणक्याने बिअर हादरेल म्हणून ते पुन्हा उचललं आणि फाटकाशी नेलं. फाटकाशी पोरांची शर्यत. मग आणखी पलीकडे. शेजारच्या सरबतवाल्या बाईंना राहवेना. "अहो, पिंपाला फिरायला नेलंय का?" त्या म्हणाल्या. घामाघूम होऊन तो शेवटी पिंप मूळ जागी घेऊन आला, तर तोवर उन्हात सगळ्या बर्फाचं पाणी झालं होतं.

बायको ग्लास घेऊन आली तेव्हा रांग लागलेली होती. त्याने नळ सोडला. फेस. दुसरा ग्लास, फेस. बिअर वर ढकलणाऱ्या गॅसची कळ सैल केली, घट्ट केली, नळीला दोष दिला, जमीन उतरती आहे म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडे! रांगेतले दोघंतिघं सरबताकडे वळले.

"कितीदा हलवलंस?" बायकोने हळूच विचारलं.

"एकदा."

"चारदा," सरबतवाल्या बाई पलीकडून म्हणाल्या.

बायकोचे डोळे भरून आले. तिने काही ऐकवलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिने नुसता पुढचा ग्लास नळाखाली धरला, आणि रांगेत पुढे सासरे उभे होते.

त्यांच्या हातात काठोकाठ फेसाचा ग्लास गेला. याला वाटलं, तो हिसकावून घ्यावा, वरचा फेस फुंकावा, चमच्याने काढावा, काहीतरी करावं. बायकोने त्याचं मनगट धरून ठेवलं. सासरे मात्र निवांत उभे राहिले. आयुष्यभर कणीक फुगायची वाट बघितलेला माणूस तो. फेस बसत गेला, बसत गेला, आणि तळाशी दोन बोटं बिअर उरली. तेवढी ते प्याले. मिशी पुसली.

"जमली आहे," ते म्हणाले. "खोली तुमची."

त्याला रडू आलं. आनंदाने तो सासऱ्यांच्या पाया पडायला वाकला, तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला.

"खोलीची किल्ली?"

त्याने खिशातून काढून दिली. सासऱ्यांनी ती लेकीच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटवली.

"तुझ्याजवळच ठेव, बाळ. घरातलं मांजर फार माजलंय."

सरबतवाल्या बाई खो खो हसल्या. त्याचे कान तापले. तो बादलीपाशी बसला आणि रांगेकडे पाठ करून ग्लास विसळू लागला. बायकोने आणखी बर्फ मागवला, पिंपाभोवती रचला आणि लोकांना थांबायला सांगितलं. बऱ्याच वेळाने नळ उघडल्याचा आवाज आला. मग कोणीतरी म्हणालं, "वा, काय रंग आलाय!"

मान वळवून बघावं असं त्याला फार, फार वाटलं. त्याने पुढचा ग्लास विसळायला घेतला.