पाठीवरची तारीख

मी बोलतेय. अर्धी निमंत्रण पत्रिका, अर्धी शब्दाची चिठ्ठी. आधीच सांगते, मला माफबिफ करता येत नाही.

शिकागोतल्या १९९४ च्या भीमजयंतीला मी छापले गेले आणि उरले. देवानंद आमचा गठ्ठा कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात त्याची बहीण उपासना म्हणाली, "थांब यार, मागची साइड कोरी आहे. थीसिसला यूज करते."

तिने माझ्या कोऱ्या अंगावर टाइप केलं: बिचारा. कीव करू नका! मलेशिया-इंडोनेशियात हे रोजचं क्रियापद आहे, बोलणं या अर्थाचं. मूळ संस्कृतातला 'विचार'. फार पूर्वी तो समुद्रापलीकडे गेला. तिथे आधी खल करणं झाला, मग नुसतं बोलणं. मलेशियात तर कोर्टातल्या सुनावणीचा शब्दही त्याच्यावरून झाला. आपण मात्र त्याचं विचारणं केलं. असे चारशे शब्द तिने डोळे फोडून जमवले.

तिच्या गाईडला देवनागरी वाचता येत नव्हतं. त्याने एकदा मला उलटं केलं. "मागे हे काय आहे?" तिने तोंड उघडलं, तोवर साहेबांनी फोन उचलला. पुन्हा काही त्याने विचारलं नाही. तेव्हाच माझ्या मनात त्याच्याविषयी अढी बसली.

पुढच्या वर्षी त्याने तपासायला म्हणून आम्हा कार्डांचा खोका नेला आणि सगळे शब्द स्वतःच्या नावाने पुस्तकात छापले. उपासनाने तक्रार केली, तर उलट तिलाच चोर ठरवलं. युनिव्हर्सिटीच्या कमिटीपुढे खोका ठेवून म्हणाला, "ही कार्डं मी १९८८ मध्ये टाइप केली." उपासनाची पीएचडी जाणार होती. नागपूरला परतायचं तिकीटही देवानंदने बघून ठेवलं होतं.

मी खोक्यात जळफळत होते. उपासनाने नेमकं मलाच उचललं आणि पाठ वर करून टेबलावर ठेवलं.

"मी नाही वाचत. दुसऱ्या कोणालाही वाचायला सांगा."

लायब्ररीतल्या हर्षिताताईंना बोलावलं. त्यांनी मराठी वाचून इंग्रजीत सांगितलं, "भीमजयंती, १४ एप्रिल १९९४. सहकुटुंब यावे. जेवणाची व्यवस्था केली आहे."

अध्यक्षबाईंनी त्याला विचारलं, "१९८८ मध्ये?" मला असा काही आनंद झाला म्हणून सांगू!

आज उपासना डॉक्टर आहे. तिच्या ऑफिसात मी फ्रेममध्ये आहे, पाठ पुढे करून. गाईडसाहेब, तुम्ही कुठे नोकरी शोधताय ठाऊक नाही. पण त्या दिवशी फोन खाली ठेवून पोरीचं उत्तर ऐकलं असतंत, तर तारीख तुम्हाला कळली असती आणि मला तुम्ही जाळून टाकलं असतंत. नाही ऐकलंत, फार बरं केलंत.