‘कधीपासून’चा रकाना

आता ताईचंच डोकं फिरायची वेळ आली होती. धाकट्या भावाच्या आजाराला तीन डॉक्टरांनी तीन नावं दिली होती. एक म्हणाला नैराश्य, दुसरा म्हणाला ताण, तिसऱ्याने लिहिलं ‘अल्पकालीन मनोविकार’. अहो, माणूस तोच, त्याच्या कानातले आवाज तेच, मग नावं तीन कशी?

भाऊ पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होता. पाच महिन्यांपूर्वी कागद कापायचं मशीन मध्येच बंद करून, ‘सगळे माझ्याविषयी बोलताहेत’ म्हणत तो घरी आला, तो परत गेलाच नाही. मालकीणबाई भल्या. शुक्रवारपर्यंत स्किझोफ्रेनियाचा दाखला आणा, दीर्घ आजाराच्या नियमात बसवून जागा राखते, म्हणाल्या. नाहीतर नाव कमी. आज गुरुवार होता.

“सहा महिने झाल्याशिवाय ते नाव लिहिता येत नाही,” चौथ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “फायलीत सगळीकडे पाचच लिहिलेत.”

“म्हणजे महिनाभर आणखी हाल काढायचे त्याने? आणि तोवर नोकरी गेली तर?” ताई उसळली. जे नाव पहिल्या दिवशी तिने कानावरही येऊ दिलं नव्हतं, त्याच नावासाठी आज ती हातघाईवर आली होती.

बाई भावाकडे वळल्या. “तुम्हाला आवाज कधीपासून ऐकू येतात?”

“पाच महि—”

“त्यांना बोलू द्या.”

ताईने ओठ मिटले. हे तिला कधीच जमलं नव्हतं. तीनही दवाखान्यांत तीच बोलली होती. तो तोंड उघडेपर्यंत तिची दोन वाक्यं होऊन जात.

भाऊ बुटांकडे बघत म्हणाला, “ताईला मुलगी झाली तेव्हापासून.”

“काहीतरीच! दोन वर्षं झाली त्याला. हा तर तेव्हा फिरकलाही नव्हता!” मामा असून भाचीचं तोंड बघायला आला नाही, म्हणून ताईने वर्षभर अबोला धरला होता.

“आलो होतो. जिन्यापर्यंत,” तो म्हणाला. “टोपडं आणलं होतं. ते आवाज म्हणाले, उचललीस तर पाडशील. मुद्दाम पाडशील. म्हणून परत फिरलो.”

“अरे, मग मला सांगायचं नाहीस?”

“तू बाळंतीण होतीस. नंतर बोलतच नव्हतीस.”

बाईंनी ताईला बाहेर बसवलं, अर्धा तास भावाला खोदून खोदून विचारलं, मग तिलाही विचारलं. शेवटी ‘कधीपासून’च्या रकान्यात ‘दोन वर्षे’ लिहून वर ते नाव लिहिलं आणि शिक्का मारला. नोकरी वाचली होती. ताईला मात्र त्या कागदाकडे बघवेना.

रस्त्यावर येताच ती म्हणाली, “पाय उचल. पाळणाघर सुटेल.”

“मी बाहेर थांबतो.”

“काही बाहेरबिहेर नाही! आत यायचं, तिला उचलायचं.”

“पाडली तर?”

“कशी पाडतोस ते बघतेच! खाली माझे हात असतील,” ती खेकसली आणि भर रस्त्यात रडायलाच लागली.

भावाने तिच्या हातातली फाईल घेतली आणि म्हणाला, “चल ताई, उशीर होतोय.”