अठ्ठेचाळीस तास आधी

कंपनी पंप बनवायची. म्हणजे एके काळी बनवायची. गेली सहा वर्षं ती नुसती कारणं बनवत होती. कधी कच्चा माल महाग, कधी बाजार मंद. अध्यक्षांची गाडी मात्र दर दोन वर्षांनी नवी. शेअर चाळीसवरून दीडवर आला.

माझ्या ताईकडे सहा हजार शेअर होते. भाऊजी तिथेच फिटर होते, पगारातून थोडे थोडे कापून घेतलेले. चाळीसचा भाव होता तेव्हा ती विकायला निघाली होती, मीच आडवा आलो. "थांब, पन्नास होऊ दे," म्हणालो. मोठा शहाणा! आता भाऊजी नाहीत, ताईचे गुडघे गेलेत आणि ती राहते चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. महिन्यातून दोनदा खाली उतरते, तेही डॉक्टरसाठी.

या वर्षी अध्यक्षांनी ठराव आणला, कारखान्याची जमीन त्यांच्या मित्राला मातीमोल भावात विकायची. दुसरं एक गिऱ्हाईक तिप्पट द्यायला तयार होतं. तसं झालं तर शेअरमागे बारा तरी हाती येणार होते आणि ताईला तळमजल्यावरच्या खोलीचं डिपॉझिट भरता आलं असतं. खोलीवाला महिनाभर थांबतो म्हणाला होता. शेअरवाल्यांच्या सभेत विरोधात चौथ्या हिश्शाहून जास्त मतं पडली की ठराव बारगळणार होता.

मी चौतीस वर्षं पोस्टमन. दारं ठोठावणं मला काही नवीन नाही. शिंपी, नर्स, निवृत्त मास्तर, एक न्हावी. त्याने तर गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून सही केली. सभेला न येणाऱ्याने आपलं मत माझ्या नावे लिहून दिल्याचे दोनशे बारा कागद जमले.

सभेच्या दहा दिवस आधी ताई म्हणाली, "अरे, कंपनीला पोस्टाने पाठवून दे की. इथे कपाटावर पडून काय उपयोग?"

मी खवळलो. "पोस्टाने? आणि हे तू मला सांगतेस? पोस्टातल्या खणामागे तीन वर्षं अडकलेलं नोकरीचं पत्र मी या हातांनी बाहेर काढलंय. हे कागद मी स्वतः देणार, भर सभेत, त्याच्या नाकावर टिच्चून!"

ती गप्प बसली. माझ्यापुढे ती नेहमीच गप्प बसते, तिथेच सगळं चुकतं.

सभेला ती हट्टाने आली, मागच्या खुर्चीत बसली. मी गठ्ठा टेबलावर आपटला. कंपनीची सेक्रेटरी, माझ्या मुलीच्या वयाची, हळूच म्हणाली, "काका, हे आत्ता आणलेत?"

"आत्ताच. हातोहात."

"सभेच्या अठ्ठेचाळीस तास आधी पोचायला हवे होते. नोटिशीत लिहिलंय."

ती नोटीस मी दोनशे बारा दारांत वाचून दाखवली होती. ठरावाचं पान तेवढं. मागचं पान मी कधी उलटलंच नव्हतं.

"नियम म्हणजे नियम," अध्यक्ष चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. मी ओरडलो, चोर म्हणालो, आणखी बरंच काही म्हणालो. दोन वॉचमन येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. अकरा मिनिटांत ठराव मंजूर झाला.

निघताना सेक्रेटरीने गठ्ठा परत दिला. "मी बेरीज केली, काका," ती म्हणाली. "अठ्ठावीस टक्के होते." ते तिने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

घरी परतलो. ताई कठडा धरून एकेक पायरी चढत होती, मी मागे, हातात पिशवी. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, तिसऱ्यावर खाली बसली. बराच वेळ गुडघे चोळत राहिली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तेव्हाच पोस्टात टाकलं असतं तर रे?" तिने विचारलं.

"पोचलं असतं," मी म्हणालो.