हिरानक्खीचा भात

बिजाईचा धान शिजवत नाहीत. उपाशी राहावं, पन पेराच्या धानाले हात लावू नये, हे मी माह्या मायपासून पाहत आली. आन् ऐन उन्हाळ्यात लिलाधरचा बाप मले म्हनते, "रेवता, ढोलीतली हिरानक्खी काढ. सगळ्याचा भात कर."

"अगा बाप्पा! डोकं ठिकाणावर हाये का? बिजाई हाये ते!"

हा धान माह्या माहेरचा. लग्न झालं तवा बपेऱ्याहून पदरात बांधून आनला होता. दाना बारीक, शिजला का वास शेजारच्या घरात जाते. शेनखतावर येते, औषध मांगत नाही, तलावाचं पानी कमी पडलं तरी उभा राहते. पन उतारा कमी. आन् सिहोऱ्याच्या खरेदी केंद्रावर त्याले भाव तोच, जो खतं ओतून पिकवलेल्या जाड्या धानाले. मंग कोन पेरन? गावानं कवाच सोडला. यंदा आमच्या पोरानंही साफ सांगितलं, "बाबा, आता त्याच्यासाठी वावरातली एक बांधी देत नाही मी. घर चालवाचं हाये मले." लिलाधरचं तरी काय चुकलं? पन बिजाई सालोसाल पेरा लागते. पडून राहिली का तिचा जीव जाते.

तेवढ्यात दवंडी झाली. सरकारची समिती ग्रामपंचायतीत येनार, शेतकऱ्याचं म्हननं ऐकनार. लिलाधरच्या बापानं तेच धरलं. देशी धानाले वेगळा भाव द्या, एवढंच मांगाचं होतं. भाव मिळाला तर बांधी देतो, असं लिलाधरनं कबूल केलं.

"मंग मांगा ना तोंडानं," मी म्हनलं. "भात कायले?"

"तोंडानं मांगून पाह्यलं. कागद देऊन पाह्यले. खाल्ल्याबिगर नाही समजत कोनाले. आन् बिजाईची फिकर नको करू, गोमाजीकडं हायेच ना."

गोमाजी माहा भाऊ, बपेऱ्यालेच राहते. ते पटलं मले. माहेरचीच बिजाई, तिथं कशी नसन? उखळात धान टाकला, मुसळ उचललं. पन कांडता कांडता रडू काही थांबेना.

समितीतले साहेब लोक भले होते, खोटं कायले बोलू. सकाळपासून ऐकून ऐकून थकले होते. पत्रावळीवर भात आन् तुरीचं वरन वाढलं, तसं सगळ्याईचं बोलनं बंद झालं. चष्मेवाल्या मॅडमनं दुसऱ्या बारीनं मांगून घेतला. तवा लिलाधरचा बाप उभा झाला.

"साहेब, खताच्या पोत्याले सबसिडी हाये. मंग जो जमीन जपते, त्याले काहून नाही? आमाले फुकट काही नको. भाव द्या, आमची पोरं आपसूक पेरतीन."

इतकंच बोलला आन् बसला. मले लय अभिमान वाटला त्याचा, पन तोंडावर म्हनलं नाही. मॅडमनं जाताना माहा हात धरला. "आजी, हे मी वर पोचवते." त्या बाईचा मले भरवसा वाटला, आजही वाटते.

मिरगाच्या तोंडावर मॅडमचा फोन आला. "आजोबा, प्रस्ताव पुढं गेला! आता तपासणीसाठी थोडा धान पाठवा. बाकीचा यंदा पेरा, आम्ही पीक बघायला येऊ." लिलाधर बाजूलेच होता. तो हासला. "तलावाखालची बांधी घ्या बाबा," म्हनला.

त्याच दिवशी पिशवी घेऊन आमी बपेऱ्याले गेलो. गोमाजी आंगनात बैलाचं दावं वळत होता. मी पानी पेल्याआधीच सगळं सांगून टाकलं. त्याचा हात थांबला.

"बाई, मी तर नाही पेरला. दोन सालं झाली."

"काहून रे?"

"परवडे ना. आन् तुह्याकडं हाये म्हनून मी निवांत होतो. कवा लागला तर बाईकडून आनीन, असंच म्हनो मी घरात."

मले असा संताप आला! माहेरचा धान, आन् हा माह्या भरवशावर बसला? पन आमी तरी कोनाच्या भरवशावर चूल पेटवली होती?

लिलाधरचा बाप ओट्यावर बसला. रिकामी पिशवी मांडीवर ठेवली. गोमाजीची बायको गावात दोन-चार घरी विचारून आली. कोनाकडंच नव्हता. मंग लिलाधरच्या बापाचा फोन वाजला. त्यानं पाह्यला आन् माह्या हाती देला.

"आजी, धान कधी पाठवता?"

"मॅडम," मी म्हनलं, "तुमी जेवल्या ना, तो शेवटचा होता."