पाय न टेकलेली आखाजी

आमचे हे, अभिमन भगत, बावीस वर्षं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खंडेरावाच्या यात्रेत बारागाड्या ओढत आले. एकीमागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, वर अर्धं गाव बसलेलं, आणि बैलांच्या जागी हा एकटा माणूस. बायको म्हणून सांगत नाही, शिंदखेड्यापर्यंत कोणालाही विचारा.

तीन वर्षांपूर्वी याच दिवशी यांचा उजवा घोटा मुरगळला आणि सुजला तो सुजलाच. गाव म्हणालं, खंडेरावाची खूण आहे. बाया येऊन त्या सुजेवर डोकं टेकवायच्या, आणि हा शहाणा माणूस पाय पुढे करून बसायचा. मी एकदाही वाकले नाही. म्हटलं, देवाला खूण करायला दुसरी जागा मिळाली नाही का? सकाळी उठताना भिंत धरायचे, ते मलाच दिसायचं.

शेवटी मीच भांडून धुळ्याला नेलं. डॉक्टर मोनाली माझ्या लेकीच्या वयाची. तिने फोटो दाखवला. सांध्यात हाडावर गुळगुळीत कूर्चा असते, यांच्या घोट्यात तिचा टवका उडाला होता. तिने दुर्बिणीतून सैल तुकडे काढले, खालच्या हाडाला बारीक भोकं पाडली. त्यातून रक्त येऊन नवा थर धरेल, म्हणाली. "पण सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकवलात तर केलेलं सगळं वाया, मग साधं चालणंही अवघड." आखाजीला पाचच आठवडे होत होते.

यांनी पुतण्याला, कुंदनला उभं केलं. पंधरा वर्षं ओढताना यांचा दंड धरून तोच बाजूने चालायचा. हे स्वतः कुबड्या मांडीवर घेऊन पहिल्या गाडीवर बसले. कुंदनने सगळं यांच्यासारखंच केलं. गाड्यांना पाच फेऱ्या घातल्या, भंडारा उधळला, शेवटच्या गाडीच्या चाकाला उजवा पाय लावला, पुढे येऊन कमरेला दोर बांधला आणि जोर लावला. गाड्या जागच्या हलेनात.

दुसऱ्यांदाही तेच. बाया हात जोडायला लागल्या, कारण गाड्या अडल्या की वर्ष वाईट जातं असं आमच्याकडे मानतात. गावातले पितांबर नाना पुढे येऊन यांना म्हणाले, "आबा, उतरा खाले. तुमनाबिगर हालनार नहीत." मग सगळेच तसं म्हणायला लागले.

यांनी कुबड्या बाजूला ठेवल्या. पाय गाडीखाली सोडला. मी चाकाशीच उभी होते. पाऊल आणि माती यांच्यात चार बोटं राहिली होती. मी नको म्हटलं असतं तर यांनी नक्की उडी मारली असती, ओळखते मी.

"कुंदन," हे म्हणाले, "चाकले पाय लाया, तव्हय दगड काढा का?"

"कोणता दगड, आबा?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाय वर घेतला आणि सगळ्या यात्रेला ऐकू जाईल असं सांगितलं, "लोके चढतस तव्हय गाडी सरकाले नको म्हनीसन शेवटना चाकखाले दगड ऱ्हास. मी दरसाल तठे पाय लावस, तो दगड काढासाठे. देवनं त्यामा काही नही. मना पाय बी तठेच मुरगळना."

ज्या बायांनी त्या दगडापायी मुरगळलेल्या घोट्यावर तीन वर्षं डोकं टेकवलं होतं, त्या समोरच उभ्या होत्या. बावीस वर्षांचा मान या माणसाने एका दगडासाठी सगळ्यांदेखत खाली ठेवला. कुंदनने मागे जाऊन दगड काढला, पुन्हा दोर बांधला, आणि गाड्या थेट देवळापर्यंत गेल्या. भगत पहिल्यांदाच गाडीवर बसून देवापुढे आला. माझी मान अशी ताठ झाली होती की डोक्यावरचा पदर दोनदा घसरला.

घरी आल्यावर यांचा पाय उशीवर ठेवला आणि त्यावर डोकं टेकवलं.

"काय करस व?"

"सूज उतरनी का देखस," मी म्हटलं.